काळ्या पडद्याला आपलं वळण

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत पुणे, नाशिक आणि नगर हे तीन जिल्हे येतात. इथल्या महाविद्यालयांत बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला एक प्रात्यक्षिक वर्षानुवर्षं चालत आलं आहे. सी भाषेत एक छोटा शेल लिहायचा. पडद्यावर ‘मायशेल’ हा शब्द आणि डॉलरचं चिन्ह उमटलं पाहिजे, टाईप केलेली ओळ शब्दाशब्दांत तोडता आली पाहिजे, आणि नवी प्रोसेस जन्माला घालून तिच्याकडून ती कमांड चालवून घेता आली पाहिजे. शिवाय चार कमांड पदरच्या घालायच्या. ‘काउंट’ने फाईलमधली अक्षरं, शब्द, ओळी मोजायच्या, ‘टाईपलाईन’ने हव्या तेवढ्या ओळी दाखवायच्या, ‘लिस्ट’ने फोल्डरमधल्या फाईली सांगायच्या आणि ‘सर्च’ने एखादा शब्द हुडकायचा. नगरच्या, संगमनेरच्या कितीतरी मुलामुलींच्या जर्नलमध्ये हा कार्यक्रम उतरवलेला सापडेल. परीक्षेच्या स्लिपवरही तो हमखास येतो.

हीच मुलं पुढे नोकरीला लागतात, संशोधनाकडे वळतात, कुणी जिल्ह्यातल्याच एखाद्या कार्यालयात आकडेवारी सांभाळतं. रोज त्यांच्यासमोर खराखुरा शेल असतो, बहुतेकदा बॅश. ज्या यंत्रणेचं पोट त्यांनी स्वतः उकलून पाहिलं, ती मात्र लिनक्स बसवताना जशी मिळाली तशीच वर्षानुवर्षं राहते. तोच लांबलचक फोल्डरचा पत्ता दिवसातून दहादा टाईप होतो आणि त्याच चार कमांड त्याच क्रमाने लिहिल्या जातात. शेलला आपलं वळण लावणं म्हणजे रंगरंगोटी, ती हौशी लोकांनी करावी, असा समज त्यामागे आहे. तो मला पटत नाही. वळण लावणं म्हणजे आपल्या रोजच्या कामांना नावं देणं. त्यासाठी लागणारी समज त्या एका प्रात्यक्षिकात जवळजवळ सगळी आलेली असते.

आधी एक घोटाळा दूर करू. काळ्या रंगाची खिडकी म्हणजे टर्मिनल. ती फक्त अक्षरं दाखवते आणि कळफलकावरचं टाईप केलेलं पुढे पाठवते. तिच्या आत बसून ओळ वाचणारा, तिचा अर्थ लावणारा आणि काम करून घेणारा कार्यक्रम म्हणजे शेल. कमांडची यादी फाईलमध्ये लिहून ठेवावी आणि ती फाईलच चालवावी ही कल्पना लुई पुझाँ यांनी १९६४ च्या सुमारास एमआयटीतल्या संगणकावर प्रत्यक्षात आणली. युनिक्सचा पहिला शेल १९७१ साली केन थॉम्पसन यांनी लिहिला, १९७९ मध्ये स्टीव्हन बोर्न यांचा शेल आला, आणि त्याच घराण्यातला बॅश ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी तयार केला. चेट रॅमी तो आजतागायत सांभाळत आहेत. ॲपलने २०१९ पासून आपल्या संगणकांवर १९९० सालचा झेडशेल मुख्य केला. पुढे जे लिहिलं आहे ते बॅशला धरून आहे; झेडशेलमध्ये तपशील थोडे बदलतात, विचार बदलत नाही.

आता त्या प्रात्यक्षिकाकडे परत येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. विद्यार्थी ‘मायशेल’ तयार करतो, त्यात ‘एलएस’ चालतं, ‘डेट’ चालतं. मग तो फोल्डर बदलायला ‘सीडी’ देतो आणि काम होत नाही. फोल्डर आहे तोच राहतो. कारण असं की शेल प्रत्येक कमांडसाठी एक नवी प्रोसेस जन्माला घालतो, म्हणजे स्वतःचं एक मूल. मुलाला आईबापाची स्थिती जन्मतः मिळते. कोणत्या फोल्डरमध्ये आहोत, कोणते व्हेरिएबल बाहेर देण्यासाठी खुले केले आहेत, हे सगळं त्याला मिळतं. पण मुलाने पुढे जे काही बदललं ते त्याच्यापुरतंच. त्याने फोल्डर बदललं, काम संपलं, मूल संपलं, आणि पालक आपल्या जागी जसाच्या तसा. म्हणून ‘सीडी’ ही कमांड शेलला स्वतःच्या पोटात ठेवावी लागते.

हे एक कळलं की सेटिंगची फाईल कशी काम करते ते आपोआप उलगडतं. पुष्कळजण घरच्या फोल्डरमधल्या ‘.बॅशआरसी’ फाईलमध्ये काहीतरी लिहितात, मग तीच फाईल एखाद्या कार्यक्रमासारखी चालवून बघतात आणि काहीच बदललं नाही म्हणून वैतागतात. फाईल चालवली म्हणजे एक मूल जन्मलं, त्याने सगळी सेटिंग आपल्यावर लावून घेतली आणि ते गेलं. सेटिंग चालू शेलवर उतरवायची तर ‘सोर्स’ ही कमांड हवी, किंवा तिचं छोटं रूप, नुसतं एक टिंब. ती मूल निर्माण न करता फाईलमधल्या ओळी चालू शेललाच वाचून दाखवते.

दुसरा गोंधळ होतो तो कोणती फाईल कधी वाचली जाते याचा. पडद्यावर नवं टर्मिनल उघडलं की बॅश ‘.बॅशआरसी’ वाचतो. दुसऱ्या यंत्रात एसएसएचने लॉगिन केलं की तो लॉगिनचा शेल असतो आणि तो आधी ‘.बॅशप्रोफाईल’ शोधतो, ती नसेल तर अखेरीस ‘.प्रोफाईल’. उबुंटूमध्ये ‘.प्रोफाईल’च पुढे ‘.बॅशआरसी’ला बोलावते म्हणून फरक जाणवत नाही. पण कुणी नकळत ‘.बॅशप्रोफाईल’ नावाची फाईल तयार केली की ती साखळी तुटते, आणि घरी चालणारी सेटिंग सर्व्हरवर गायब होते. माझा सल्ला सोपा आहे: सगळं ‘.बॅशआरसी’मध्ये लिहावं आणि ‘.बॅशप्रोफाईल’ लागलीच तर तिच्यात ‘.बॅशआरसी’ला सोर्स करणारी एकच ओळ ठेवावी.

सुरुवात कुठून करायची? इतरांच्या फाईलमधून नको. तयार सेटिंगचे मोठमोठे संच मिळतात. झेडशेलसाठीचा ‘ओह माय झेडशेल’ २००९ पासून लोकप्रिय आहे. त्यांतून शिकायला पुष्कळ आहे. पण मिसळणाचा डबा जसा ज्या त्या घरच्या हाताप्रमाणे लागलेला असतो, तसंच या फाईलचं आहे. दुसऱ्याच्या डब्यात आपल्याला मोहरी सापडत नाही. शिवाय जुन्या संगणकावर असा संच प्रत्येक नवं टर्मिनल उघडताना रेंगाळतो, आणि काय कशामुळे होतंय हे कळेनासं होतं.

त्यापेक्षा आपला शेल आपल्याबद्दल काय सांगतो ते पाहावं. बॅश आपण टाईप केलेल्या ओळींची नोंद ठेवतो. ‘हिस्ट्री’ची यादी ‘ऑक’कडे द्यायची, त्याने प्रत्येक ओळीतला दुसरा शब्द, म्हणजे कमांडचं नाव, काढायचा, ‘सॉर्ट’ने सारखे शब्द शेजारी आणायचे, ‘युनिक’ने मोजायचे, आणि पुन्हा ‘सॉर्ट’ने मोठा आकडा वर आणायचा. मधे उभ्या रेघेचा पाईप. एवढ्याने आपण खरोखर काय करत असतो त्याचा ताळेबंद समोर येतो. यादीच्या वरच्या टोकाला जे दिसतं, तिथे नाव द्यायची पहिली जागा.

नाव देण्याच्या दोन रीती आहेत. एलियास म्हणजे सरळ टोपणनाव: हा शब्द आला की त्याच्या जागी ती ओळ ठेव. त्यापुढे जे टाईप कराल ते ओळीच्या शेवटी चिकटतं, मधे कुठेही घालता येत नाही. मधे काही भरायचं असेल, एखादी अट असेल, तर फंक्शन लिहावं. फरक लहान वाटतो, पण एलियासमध्ये सगळं कोंबायच्या नादात लोक अवतरणचिन्हांच्या जंगलात शिरतात. एका ओळीपलीकडे काम गेलं की फंक्शन, असा नियम ठेवावा.

फंक्शनचा खरा उपयोग कळायला नगर जिल्ह्याच्या शिवेपाशी जाऊ. अकोले, संगमनेर आणि पारनेर या तालुक्यांना लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आणि सर्वांत लांबची दोन टोकं सुमारे २५ किलोमीटर अंतरावर. तिथलं निरीक्षण संशोधकाच्या हाती पडतं ते दुर्बिणीच्या स्वतःच्या एलटीए नावाच्या स्वरूपात. खगोलशास्त्रात सर्वत्र चालणाऱ्या फिट्स स्वरूपात ते आणायला कमांड लाईनवर दोन पायऱ्या असतात. आधी ‘लिस्टस्कॅन’ ही कमांड निरीक्षणातल्या नोंदींची एक साधी मजकुराची यादी करते, मग ती यादी ‘जीव्हीफिट्स’ला दिली की फिट्स फाईल तयार होते. एका रात्रीच्या निरीक्षणासाठी हे हाताने करणं ठीक. पण महिन्याच्या फाईलींसाठी? इथे फाईलचं नाव घेणारं छोटं फंक्शन लिहायचं आणि दोन कमांडच्या मधे दोन अँपरसँड ठेवायचे. अर्थ असा की पहिली यशस्वी झाली तरच दुसरी चालव. प्रत्येक कमांड संपताना एक आकडा परत देते, शून्य म्हणजे यश, बाकी काहीही म्हणजे अपयश. प्रात्यक्षिकात मूल प्रोसेस संपायची वाट पाहताना विद्यार्थ्याने हाच आकडा हातात घेतलेला असतो. ते दोन अँपरसँड नसतील तर पहिली पायरी फसूनही दुसरी बिनदिक्कत चालते आणि अर्धवट फाईलवर पुढचं विश्लेषण उभं राहतं.

आता आपल्या जिल्ह्याच्या कामाकडे. नगरमध्ये १४ तालुके आहेत, आणि जिल्ह्याची कोणतीही माहिती हाताळणाऱ्याला ती १४ नावं पुन्हा पुन्हा लिहावी लागतात. सेटिंगच्या फाईलमध्ये त्यांचा एक ॲरे करून ठेवला की १४ फोल्डर एका ओळीत तयार होतात, १४ फाईलींतून एकच प्रश्न विचारता येतो. नावं देवनागरीत असली तरी बॅशला काही अडचण नाही. अकोलेपासून संगमनेरपर्यंत ती ‘सॉर्ट’मधून व्यवस्थित लागतात. मात्र ॲरेचं नाव रोमन अक्षरांतच द्यावं लागतं. बॅशमध्ये एलियासचं आणि फंक्शनचं नाव देवनागरीत चालतं, व्हेरिएबलचं चालत नाही.

देवनागरी नावाचा मोह मला कळतो. ‘पाऊस’ असं टाईप करावं आणि पावसाची नोंद पुढे यावी, यात आनंद आहे. पण कमांडनंतर रोमन अक्षरांतले पर्याय द्यायचे असतील तर दर वेळी कळफलक बदलावा लागतो आणि आनंद ओसरतो. म्हणून ज्या कमांडला पुढे काहीच द्यायचं नसतं तिला देवनागरी नाव द्यावं, बाकीच्यांना मराठी शब्दच पण रोमन अक्षरांत.

पावसाचंच उदाहरण पुढे नेतो. हिवरे बाजारसारखं गाव दरवर्षी पावसाच्या मोजमापावरून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावर पिकांचं ठरवतं. अशी नोंद ठेवणाऱ्या कुणालाही मोठ्या सॉफ्टवेअरची गरज नसते. एका साध्या फाईलमध्ये दर ओळीला तारीख आणि मिलिमीटर, एवढं पुरतं. एक फंक्शन आजची तारीख घेऊन दिलेला आकडा फाईलच्या शेवटी जोडतं, दुसरं ‘ऑक’कडून १ जूनपासूनची बेरीज करून देतं. तारीख नेहमी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आकड्यांत लिहावी, म्हणजे ‘सॉर्ट’ केल्यावर ओळी आपसूक काळाच्या क्रमाने लागतात. हे सांगायचं कारण असं की लिनक्सवर भाषेचं सेटिंग मराठी केलं की ‘डेट’ वार आणि महिने मराठीत दाखवतं. वाचायला छान, पण नोंदीत महिन्याची नावं आली की क्रम बिघडतो: एप्रिल जानेवारीच्या आधी येतो.

आणि आकडे! या लेखातले आकडे देवनागरी आहेत. आपल्याकडे हिशेबाच्या वह्याही अशाच असतात. पण ‘ऑक’ला देवनागरी १२ दिले तर तो त्यांना संख्या मानत नाही, शून्य धरतो, तेही न बोलता. वर्षाच्या बेरजेतून एखादा मुसळधार दिवस असा गुपचूप गळू शकतो. म्हणून नोंद घेणाऱ्या फंक्शनमध्येच देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकडे करून घ्यावेत. त्यासाठी ‘टीआर’ वापरायचा विचार सहज येतो, पण लिनक्सवरचा ‘टीआर’ बाईटच्या हिशेबाने चालतो आणि देवनागरीची मोडतोड करतो. ‘सेड’मधली ‘वाय’ ही सूचना, भाषेचं सेटिंग युटीएफ-८ असेल तर, अक्षराला अक्षर बरोबर बदलते.

बाईट आणि अक्षर यांतला फरक मराठीत काम करणाऱ्याने एकदा नीट समजून घ्यावाच. ‘अहिल्यानगर’ हा शब्द वाचताना आपल्याला सहा अक्षरं दिसतात. युनिकोडच्या हिशेबात वेलांटी, काना, हलन्ताची खूण हे सगळं वेगळं मोजून ती दहा होतात. युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाईट लागतात, म्हणजे ३० बाईट. ‘अहमदनगर’ सात खुणांचा, २१ बाईटचा शब्द. आता प्रात्यक्षिकातली ‘काउंट’ आठवा. ती फाईलमधून एकेक बाईट उचलून मोजते, म्हणून मराठी फाईलवर ती अक्षरसंख्या जवळजवळ तिप्पट सांगेल. लिनक्सबरोबर येणाऱ्या ‘डब्ल्यूसी’लाही ‘सी’ पर्याय दिला की बाईट मिळतात, ‘एम’ दिला की अक्षरं. मी मराठी मजकुराचं काम करणाऱ्या प्रत्येकाला ‘एम’ पर्यायासह एक एलियास करायला सांगेन. संपादक दोन हजार शब्द मागतो तेव्हा शब्दांची मोजणी दोन्हीकडे सारखीच येते, घोळ होतो तो अक्षरांच्या मर्यादेचा, जिथे एखादा अर्ज किंवा फॉर्म ‘पाचशे अक्षरं’ म्हणतो आणि मोजतो बाईट.

जिल्ह्याचं ‘अहमदनगर’ हे नाव २०२४ साली अधिकृतपणे ‘अहिल्यानगर’ झालं आणि जुन्या-नव्या फाईलींत दोन नावं झाली. त्यात ‘अ.नगर’ हे जुनं लघुरूप आणि नुसतं ‘नगर’ धरलं की चार. शोधाचं एक फंक्शन हे सगळं एका दमात पाहू शकतं. ‘ग्रेप’ला ‘ई’ पर्याय देऊन नावांमध्ये उभी रेघ ठेवली की झालं. फक्त ‘अ.नगर’ मधलं टिंब ‘ग्रेप’च्या भाषेत ‘कोणतंही एक अक्षर’ असा अर्थ देतं, तेव्हा त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ हवी. शोधणं एवढं निर्धास्त असलं तरी बदलणं तसं नाही. ‘सेड’ने सगळीकडे एकच नाव करून टाकणारं फंक्शन दोन मिनिटांत लिहून होतं, आणि ते १९४७ साली स्थापन झालेल्या अहमदनगर कॉलेजचं नावही बदलून टाकतं. १९४२ ते १९४५ या काळात नेहरू ज्या किल्ल्यात स्थानबद्ध होते, त्या अहमदनगरच्या किल्ल्याबद्दलचा जुना मजकूरही त्यातून सुटत नाही. म्हणून बदलाच्या फंक्शनने आधी फक्त सापडलेल्या ओळी दाखवाव्यात, विचारावं, आणि मूळ फाईलची प्रत राखूनच बदल करावा. ‘सेड’च्या ‘आय’ पर्यायाला चिकटून एक शेपूट दिलं की तो जुनी प्रत त्या शेपटासह ठेवतो.

मराठीत आणखी एक सापळा आहे, आणि तो शेतीच्या जिल्ह्यात पावलोपावली भेटतो. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ, त्याला हलन्त आणि मग य. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, त्यापुढे डोळ्यांना न दिसणारी जोडखूण आणि मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. ‘ग्रेप’साठी मात्र ते दोन वेगळे शब्द. म्हणजे दोन वेगवेगळ्या कळफलकांवरून आलेल्या अर्जांत ‘शेतकऱ्यांना’ शोधला तर निम्मे अर्ज हाती लागणार नाहीत, आणि लागले नाहीत हे कळणारही नाही. ‘दुसऱ्या’, ‘पुढाऱ्याने’, ‘वाऱ्यावर’, ‘पायऱ्या’ असे शब्द मराठीत कितीतरी. यावर उपाय असा: शोधण्याआधी मजकूर ‘सेड’मधून काढून दुसऱ्या प्रकारचा र पहिल्या प्रकारात आणायचा आणि मग शोधायचं. हे दर वेळी हाताने कोण करणार? म्हणून ते एका फंक्शनमध्ये एकदाच लिहून ठेवायचं आणि मराठीतला प्रत्येक शोध त्यातूनच घ्यायचा. माझ्या मते मराठी माणसाच्या सेटिंगच्या फाईलमधली ही सर्वांत मोलाची ओळ आहे.

टर्मिनलमध्ये देवनागरी नेहमीच सुबक दिसते असं नाही. टर्मिनल पडद्याची सारख्या रुंदीच्या चौकटींत विभागणी करतं, एका चौकटीत एक अक्षर. वेलांटी आणि जोडाक्षरं या चौकटीत नीट बसत नाहीत. केडीईचं ‘कन्सोल’ हे काम बऱ्यापैकी करतं, काही टर्मिनलांत वेलांटी भलत्याच जागी जाऊन पडते. दिसणं बिघडलं तरी फाईलमधला मजकूर शाबूत असतो, एवढं लक्षात ठेवावं.

प्रॉम्प्टबद्दल, म्हणजे टाईप करण्याआधी शेल दाखवतो त्या खुणेबद्दल, थोडक्यात, कारण लोक सगळा वेळ तिथेच घालवतात. तो ‘पीएस-वन’ या व्हेरिएबलमध्ये असतो. आपण कोणत्या यंत्रावर, कोणत्या फोल्डरमध्ये आहोत आणि मागची कमांड फसली का, एवढं त्यात दिसलं की पुरे. दूरच्या सर्व्हरवर प्रॉम्प्टचा रंग लाल ठेवावा. आपल्या संगणकावर समजून सर्व्हरवरच्या फाईली उडवण्याचे प्रसंग त्याने टळतात. रंगाच्या खुणा बॅशने सांगितलेल्या खास कंसांत ठेवाव्यात, नाहीतर त्याला ओळीची लांबी चुकीची कळते आणि लांब कमांड स्वतःवरच चढून लिहिली जाते.

इतिहासाच्या सेटिंगला मात्र वेळ द्यावा. बॅश मुळात फक्त ५०० ओळी लक्षात ठेवतो, उबुंटू ते १,००० करतं. हा आकडा बेधडक ५०,००० करावा; साध्या मजकुराला जागा ती किती लागणार? कंट्रोल दाबून आर दाबलं की मागच्या सगळ्या ओळींत शोधता येतं, आणि तेव्हा सहा महिन्यांपूर्वीची ती अवघड कमांड सापडते. दोन खिडक्या उघड्या असतील तर शेवटी बंद होणारीने आधीच्या खिडकीची नोंद पुसू नये म्हणून ‘हिस्टअपेंड’ चालू असावं. आणि आपल्याकडे वीज जाते. बॅश नोंद फाईलमध्ये उतरवतो ते खिडकी रीतसर बंद होताना. वीज गेली तर त्या बैठकीतलं सगळं जातं. यूपीएस नसलेल्या संगणकावर ‘प्रॉम्प्टकमांड’ या व्हेरिएबलमध्ये ‘हिस्ट्री’ आणि ‘ए’ पर्याय ठेवावा, म्हणजे प्रत्येक कमांडनंतर नोंद लगेच डिस्कवर जाते. पासवर्ड असलेली ओळ नोंदीत नको असेल तर तिच्या सुरुवातीला एक जागा सोडून लिहावी. ‘हिस्टकंट्रोल’मध्ये तशी सोय सांगितलेली असली की ती ओळ नोंदली जात नाही, आणि उबुंटूत ती मुळातच असते.

दोन गोष्टी करू नयेत. फाईल पुसणाऱ्या ‘आरएम’ला ‘आधी विचार’ असा एलियास करायची शिफारस जुनी आहे, पण त्याने हाताला सवय लागते की विचारलं जाईलच, आणि मग ज्या यंत्रावर तो एलियास नाही तिथे घात होतो. त्यापेक्षा फाईल एका कचऱ्याच्या फोल्डरमध्ये हलवणारं वेगळ्या नावाचं फंक्शन करावं आणि ‘आरएम’ला हात लावू नये. दुसरं, ‘पाथ’ या व्हेरिएबलमध्ये चालू फोल्डर, म्हणजे टिंब, घालू नये. कमांड शोधायला शेल ‘पाथ’मधल्या फोल्डरांत क्रमाने पाहतो. सगळ्यांनी वापरायच्या लॅबमध्ये कुणी आपल्या फोल्डरात ‘एलएस’ नावाची भलतीच फाईल ठेवली तर टिंब आधी असलेल्याच्या हातून तीच चालेल.

लॅबचा विषय निघालाच आहे. महाविद्यालयांत बहुधा सगळ्यांचं एकच लॉगिन असतं, आणि तिथली ‘.बॅशआरसी’ बदलणं म्हणजे पुढच्या बॅचच्या मुलांवर आपल्या सवयी लादणं. आपली फाईल पेनड्राईव्हवर ठेवावी आणि बसल्यावर टिंब देऊन ती चालू शेलमध्ये वाचून घ्यावी. सोर्स करण्यासाठी फाईलला चालवण्याची परवानगी लागत नाही, म्हणून पेनड्राईव्हची फाईलव्यवस्था कोणतीही असो, हे जमतं. खिडकी बंद केली की ही सेटिंग मागे उरत नाही. घरी तीच फाईल गिटमध्ये ठेवावी, प्रत्येक ओळीच्या वर ती का लिहिली हे एका वाक्यात मराठीत नोंदवावं. पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या तिच्यात कधीही नसाव्यात.

फाईल बदलताना एक जुनी खिडकी उघडी ठेवावी आणि नवीत तपासावं. बॅशला ‘एन’ पर्याय देऊन फाईल दिली की तो ती न चालवता व्याकरणाच्या चुका सांगतो. ‘पाथ’ लिहिताना जुनी किंमत जोडायची राहिली तर ‘एलएस’सुद्धा सापडत नाही असा निरोप येतो, घाबरायचं नाही, ‘सीडी’ आणि ‘इको’ शेलच्या पोटात असल्यामुळे चालतातच, आणि बाकीच्या कमांड पूर्ण पत्ता देऊन चालवता येतात.

ज्यांनी ते प्रात्यक्षिक केलेलं नाही, त्यांच्यासाठी मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि बॅशचे छोटे धडे मराठी आवाजात मोफत आहेत. विंडोज सोडायची नसेल तर तिच्यातच डब्ल्यूएसएलमधून बॅश मिळतो. आणि संगणकच नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स बसवावं. ते एफ-ड्रॉईडवरून घ्यावं. त्यातही मुळात बॅशच असतो, आणि वर सांगितलेली बहुतेक सगळी सेटिंग तिथे चालते. फक्त टर्मक्सचं घर नेहमीच्या जागी नसतं, तेव्हा फाईलमध्ये घरच्या फोल्डरचा पत्ता थेट न लिहिता ‘होम’ हा व्हेरिएबल वापरलेला असावा. कंट्रोलचं काम आवाज कमी करण्याचं बटण करतं: ते दाबून आर दाबलं की मागच्या कमांड शोधता येतात.